झडपेखालची फट

यशवंतरावांनी संत्र्यांची टोपली माझ्या टेबलावर ठेवली नाही. दारातून आत आलं की माझं टेबल आधी लागतं. त्याला वळसा घालून ते खिडकीपाशी गेले, आमच्या नव्या केमिस्टच्या, श्रीधरच्या, काचेच्या नळ्या हलक्या हाताने बाजूला सारल्या आणि टोपली तिथे ठेवली. "घ्या केमिस्ट साहेब. आपल्या नालीच्या पाण्यावरची हायेत. पाच वर्षांत पहिल्यांदा फळानं तोंड दाखवलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उमाठेजी, तुम्हीही घ्या जी दोन." १९५६ च्या नोव्हेंबरचा तो दुसरा आठवडा होता. नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो होतो, आणि पांढुर्ण्याच्या ज्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा मी ओव्हरसियर होतो त्याचे कागद आता भोपाळला जायचे होते. गावात तेव्हा सगळेच कुठे काय गेलं आणि कुठे काय राहिलं याचंच बोलत होते. मला मात्र काही हलल्याचं खऱ्या अर्थाने जाणवलं ते त्या टोपलीने. तिची जागा बारा फुटांनी चुकली होती. मी उठून दोन संत्री घेतली, धन्यवाद म्हटलं आणि ती खणात ठेवली. दिवसभर खण उघडला की त्यांचा वास येत राहिला.

केंद्र तसं लहान होतं. स्टेशनकडची वस्ती, दवाखाना आणि बाजारामागच्या दोन गल्ल्या, एवढ्यांचंच मैलापाणी बंद नळातून यायचं. पहिल्या हौदात त्यातला गाळ बसायचा. मग ते पाणी गिट्टीच्या गाळणीवर जायचं. गाळणी म्हणजे सहा फूट उंचीचं गोल बांधकाम, आत मुठीएवढी काळी गिट्टी भरलेली आणि वर चार हातांची लोखंडी फिरकी, जी पाण्याच्याच जोराने फिरत गिट्टीवर शिडकावा करी. गिट्टीतून झिरपलेलं पाणी दुसऱ्या हौदात निवळायचं आणि तिथून नालीने यशवंतरावांच्या संत्राबागेकडे उतरायचं. पहिल्या हौदातून थेट दुसऱ्या हौदात जाणारी एक आडनालीही होती, गाळणी धुवायची झाली तर वापरायला. तिच्या तोंडावर लोखंडी झडप होती आणि ती बारा महिने बंद असायची. या सगळ्याची वीट न् वीट माझ्या देखरेखीखाली लागली होती. गुणवंता तेव्हापासून माझ्या हाताखाली होता. हौद उपसणं, फिरकीची भोकं मोकळी करणं, नमुन्याच्या बाटल्या भरणं ही त्याची कामं. मी त्याला नावाने हाक मारीत असे आणि तो मला ओवरसर साहेब म्हणत असे. आमच्यात याहून जास्त बोलणं होत नसे, आणि त्याची गरज आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

गिट्टीवरून बोट फिरवलं तर एक बुळबुळीत थर हाताला लागतो. नवा माणूस हात झटकतो. मला त्या थराची मायाच होती, कारण केंद्राचं सगळं काम तोच करतो. बाकीचं लोखंड नि दगड त्याला राहायला घर म्हणून. हे मी १९२३ साली नागपूरच्या तंत्रशाळेत शिकलो. आमचे मास्तर फळ्याकडे तोंड करून, आपल्याच घरातल्या माणसांविषयी सांगावं तसे सावकाश सांगत. मैलापाण्यात अमोनिया असतो. जंतूंची एक जात हवेतला प्राणवायू घेऊन त्याचं नायट्राइट करते. दुसरी जात पहिलीच्या उष्ट्यावर जगते आणि त्या नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्रेट झालं की घाण मेली असं समजा. मग खडू खाली ठेवता ठेवता ते म्हणाले होते, एक तिसरीही जात आहे. हवा मिळाली नाही की ती नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेते आणि उरलेला नत्रवायू बुडबुडा होऊन उडून जातो. शेतातलं खत चोरणारी जात, शेतकऱ्याची वैरीण. मी मोहगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. वर्गातल्या सगळ्यांत मीच ते वाक्य वहीत जास्त ठळक लिहिलं, आणि त्याच्याखाली रेघ ओढली. तेहतीस वर्षं ती रेघ माझ्या डोक्यात तशीच होती. दर सोमवारी सकाळी मी गाळणीतून निघणारं पाणी चिनी मातीच्या वाटीत आटवी, तळाशी उरलेल्या पापुद्र्यावर आम्ल घोळवी, मग पाणी आणि क्षार घाली. वाटीत हळदीसारखा पिवळा रंग उमटला की छाती भरून येई. रंग जितका गडद तितकं नायट्रेट जास्त, नायट्रेट जितकं जास्त तितकं आमचं काम चोख. खात्याच्या छापील तक्त्यात दोनच ओळी होत्या: कच्चं पाणी आणि गाळणीतून निघालेलं पाणी. दुसऱ्या हौदातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला ओळ नव्हती. म्हणून मी ते कधी तपासलं नाही.

यशवंतराव मात्र पाच वर्षं त्याच पाण्याचं गाऱ्हाणं घेऊन येत होते. "पाणी देता का दारू देता जी? झाडं माजली निसती. पान हाताएवढं, अन् बहार पाहा तर नाही. पाणी तोडून ताण देतो, मुळ्या उघड्या करतो, तरी साली पालवीच फुटून राहिली." मी त्यांना शांतपणे सांगत असे की पाणी उत्तम आहे, आकडे पाहा, दोष त्यांच्या छाटणीत असेल. आकडे खरे होते. नत्र फार झालं की झाड पानांतच रमतं आणि फळ विसरतं, हेही मला ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी मी माझ्या मनात कधी एका खोलीत बसवल्या नाहीत. त्या बसवल्या श्रीधरने, आणि तेही येऊन चार महिने झाले नव्हते तेव्हा.

श्रीधरला खात्याने जुलैमध्ये नागपूरहून तात्पुरता पाठवला होता. बी.एस्सी., वय सव्वीस, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि चालताना शीळ घालायची सवय. पहिल्याच दिवशी त्याने मला काकाजी म्हटलं. त्या संबोधनाने मला बरं वाटायला हवं होतं, पण त्याच शब्दाने मी एकाएकी म्हातारा झालो. मार्चमध्ये माझी पंचावन्न पूर्ण होणार होती. तोपर्यंत कोणी ते मोजलं नव्हतं. हौदाच्या कठड्यावर तो गुणवंताशेजारी मांडी घालून बसे. विडी ओढत नसे, पण गुणवंताची काडीपेटी हातात घेऊन उगाच खेळत राही. लांबून मला त्यांचं बोलणं ऐकू येत नसे, हसणं तेवढं येई. सहा वर्षांत गुणवंता हसतो कसा हे मी पाहिलं नव्हतं. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत हे मला त्या पावसाळ्यात कळलं.

माझ्या बायकोनेही त्याला आपला करून घेतला. अंबाबाई सौंसरची. पाहुण्याच्या ताटात काय उरलं यावरून ती माणूस पारखते. श्रीधर पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा त्याने ज्वारीची तिसरी भाकरी मागून घेतली आणि ठेच्यासाठी पुन्हा हात पुढे केला. तो गेल्यावर ती म्हणाली, "पोरगं मोकळं आहे नाही? तुम्ही तर तीस वर्षांत कधी काही मागून घेतलं नाही." मी म्हटलं, "तू वाढतेसच पुरेसं." ती म्हणाली, "तेच तं. मले कधी कळलंच नाही तुम्हाले काय आवडते ते." हे ती सहज, भांडी आवरता आवरता बोलली. मी खाटेवर पडून वरचे वासे पाहत राहिलो आणि मला लहान भाऊ मुकुंद आठवला. मोहगावला आमची विहीर आटली तेव्हा नवी कुठे खणावी हे ठरवायला मी, तेव्हा नुकताच तंत्रशाळेत जाऊ लागलेला, तीन दिवस दोरी आणि खुंट्या घेऊन शेताचे उतार मोजत होतो. चौथ्या दिवशी मुकुंद, अकरा वर्षांचा, पेरूच्या झाडाखाली बसल्या बसल्या म्हणाला, इथं वारुळाची माती ओली आहे. तिथेच पाणी लागलं. माझा नकाशाही त्याच जागेकडे येत होता, एक दिवस उशिरा. बापूजींनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला खांद्यावर घेऊन नवीन विहिरीभोवती फिरवलं आणि माझ्या नकाशाची घडी घालून ती माझ्या हातात दिली. त्यांनी तो फेकला असता तर मी रडलो असतो आणि विसरून गेलो असतो. ती घडी त्यांनी फार नीट घातली होती.

फट गुणवंताला आधीपासून ठाऊक होती. १९५५ च्या पावसाळ्यात लोंढ्याबरोबर आलेल्या एका ओंडक्याने आडनालीची झडप खालून वाकवली आणि तळाशी दोन बोटं फट पडली. त्या फटीतून पहिल्या हौदातलं कच्चं पाणी थोडं थोडं दुसऱ्या हौदात मिसळू लागलं. माझ्या केंद्रात कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळावं! मला ती फट दातातल्या किडीसारखी सलत असे. मी गुणवंताला पाच वेळा बुजवायला सांगितलं. "करून टाकतो साहेब," तो म्हणे, आणि चिखल थापून येई. चिखल आठवडाभरात वाहून जाई. तो मुद्दाम चिखलच थापत होता हे मला कळलं ते ऑक्टोबरच्या शेवटी, श्रीधरने माझा हात धरून मला दुसऱ्या हौदापाशी नेलं तेव्हा. उन्हं तापली होती. हौदाच्या तळातून बारीक बुडबुडे येत होते, एकेक करून, मधूनच गाळाची एखादी काळी खपली घेऊन. "काकाजी, वास घ्या," तो म्हणाला. मी वाकलो. वास नव्हता. कुजण्याचा बुडबुडा सडक्या अंड्यासारखा घाणतो. याला काहीच वास नव्हता. "नत्रवायू आहे. हवेतला हवेत चालला. गाळणीतल्या पाण्यात दहा लाखांत बावीस भाग नायट्रेट, अन् इथं चार. मी अकरा वेळा तपासलं. आपल्या गिट्टीतले जंतू अमोनियाचं नायट्रेट करतात, ते तं तुम्हीच मला शिकवलं. इथं तळाशी हवा नाही, अन् फटीतून थोडंसं कच्चं पाणी येते, म्हणजे खायला अन्न आहे. तर हे दुसरे जंतू नायट्रेटमधला प्राणवायू घेऊन ते अन्न खाऊन राहिले, अन् नत्र सोडून देऊन राहिले. म्हणून यशवंतरावांची झाडं शुद्धीवर आली!" त्याचे डोळे एवढे चमकत होते की मला दुसरीकडे पाहावं लागलं.

"तुला हे कोणी दाखवलं?" मी विचारलं.

"गुणवंतानं. फट पडल्यापासून नालीतलं हिरवं शेवाळ कमी झालं, हे त्यानं बघून ठेवलं होतं."

मी गुणवंताकडे वळलो. तो बादली घेऊन उभा होता. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इचारलं नाही साहेब," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मग त्याने भर घातली, "तुम्ही म्हनत होते फट बुजव. म्या सांगतलं असतं तं तुम्ही सोता बुजवली असती."

तिसरी जात. वहीतलं ते ठळक वाक्य मला पानासकट दिसलं. जे मी तेहतीस वर्षं जवळ बाळगलं होतं ते या मुलाला चार महिन्यांत दुसऱ्या बाजूने दिसलं होतं. मी ज्याला चोर म्हणून बाहेर ठेवलं होतं त्याला याने कामावर लावलं. मी पाठ वाकवून, आकडे मोजून, नियमाने त्या विहिरीपर्यंत येत होतो आणि पुन्हा कोणीतरी झाडाखाली बसल्या बसल्या बोट दाखवलं होतं. शास्त्र समजल्याचा आनंद मला झाला नाही असं मी म्हणणार नाही. एक क्षणभर झाला, आणि तो झाल्यामुळेच पुढचं सगळं जास्त कडवट झालं.

कार्यकारी अभियंता सत्तावीस नोव्हेंबरला पाहणीला यायचे होते. श्रीधर त्यांना दोन वाट्या दाखवणार होता: गाळणीचं पाणी पिवळं, दुसऱ्या हौदाचं जवळजवळ पांढरं. ते पटलं तर फटीच्या जागी नीट मापाचं दार, हौदाला झाकण, असा नवा आराखडा मंजूर होणार होता आणि तो पुरा करायला श्रीधर पांढुर्ण्यातच राहणार होता. खात्याच्या माणसांना कोणत्या राज्यात राहायचं याचा विकल्प महिनाअखेर लिहून द्यायचा होता. घर नागपुरात असूनही त्याने मध्य प्रदेश लिहायचं ठरवलं होतं, या एका हौदासाठी. मला दुसरंच दिसत होतं. आराखड्यावर त्याचं नाव येईल. माझ्या सहा वर्षांच्या तक्त्यांतला प्रत्येक मोठा आकडा, ज्याच्यावर मी छाती फुगवली, तो यापुढे दोष म्हणून वाचला जाईल. मी निवृत्त होईन तो बागायतदारांच्या झाडांचं पाच वर्षं नुकसान करणारा ओव्हरसियर म्हणून. अठराला सकाळी तो आठवड्याच्या रजेवर नागपूरला निघाला, आई आजारी होती म्हणून. स्टेशनच्या वाटेवर सायकल थांबवून तो म्हणाला, "काकाजी, तेवढी झडप तशीच राहू द्या हं. अहवाल होईपर्यंत." मी म्हटलं, "जा तू निश्चिंत." हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो. मी अजून काही ठरवलं नव्हतं.

त्याच दुपारी मी झडप बुजवली. रविवार होता, गुणवंताला सुट्टी होती. ऊन स्वच्छ होतं. पहिल्या हौदाचं पाणी मी तासभर वळवून आडनाली कोरडी केली, सदरा काढून कठड्यावर ठेवला आणि आत उतरलो. गुडघ्याखाली चिखल, नाकाशी ओल्या लोखंडाचा वास. फटीतला जुना चिखल मी खिळ्याने कोरून काढला, कडा पाण्याने धुतल्या, एकास दोन सिमेंट-वाळू कालवून ती ठासून भरली आणि थापीने घासून इतकी सारखी केली की हात फिरवला तर सांधा लागू नये. किती दिवसांनी मी स्वतःच्या हाताने काम करत होतो! मनात एक शब्दही उमटत नव्हता. मी माझ्या केंद्रातला एक दोष दुरुस्त करत होतो, कोणत्याही पुस्तकात, कोणत्याही नियमात जो दोषच आहे असा. या कृत्याला कोणी गुन्हा म्हणू शकणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं हाच त्यातला गुन्हा होता, हे मला सदरा घालताना, पहिल्या बटणाशी, कळलं. मी बाकीची बटणं लावली. घरी अंबाबाई म्हणाली, "आज भूक लागलेली दिसते." मी भाकरी मागून घेतली होती. तिसरी. तिने ती वाढली, आणि माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली, जणू मी दुसऱ्या कोणाची तरी नक्कल करीत होतो.

पुढचे दिवस मी रोज दुसऱ्या हौदाशी जाऊन उभा राहत असे. तिसऱ्या दिवशी बुडबुडे विरळ झाले. पाचव्या दिवशी एकदोन आले. सातव्या दिवशी पाणी काचेसारखं सपाट होतं आणि त्यात माझा चेहरा नीट दिसत होता. ते जंतू मेले नसतील, उपाशी पडले असतील, असा विचार मी केला. मला त्यांची कीव आली आणि लगेच त्या कीवेचाही राग आला. गुणवंताने झडप पाहिली असणारच. बादली ठेवताना ती त्याने कधी नव्हे इतक्या हळू ठेवली.

श्रीधर सव्वीसला रात्रीच्या गाडीने आला आणि सत्तावीसला सकाळी साहेबांबरोबरच केंद्रावर पोचला. हौदाकडे तो आधी एकटा जाऊन आला. परत आला तेव्हा शीळ नव्हती. कार्यकारी अभियंता अंगाने ठेंगणे, स्वभावाने घाईतले, दोन वाजता त्यांना बैतूलकडे निघायचं होतं. श्रीधरने दोन वाट्या शेजारी शेजारी मांडल्या. पाणी आटलं, आम्ल घातलं, क्षार घातला. पहिली वाटी पिवळी झाली. दुसरीही झाली, त्याच पिवळेपणाने, त्याच वेळात. साहेबांनी दोन्ही उजेडात धरल्या. "अरे भाई, ये तो दोनों एक है," ते हसून म्हणाले. मग मराठीत, "तरुण माणसाला स्वप्नं पडायचीच. उमाठेजी, तुमची गाळणी मात्र फर्स्ट क्लास. असा रंग मला छिंदवाड्यातही दिसला नाही." त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. ज्या वाक्याची मी सहा वर्षं वाट पाहिली होती ते असं आलं. तेव्हा मला माझ्या हाताच्या तळव्यावर सिमेंटने पडलेली भेग जाणवली, साहेबांच्या बोटांना ती लागेल की काय असं वाटलं. श्रीधर वाट्या धूत होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

साहेबांची मोटार गेल्यावर मी दुसऱ्या हौदाशी जाऊन बसलो. गुणवंता नाली झाडत माझ्यापर्यंत आला आणि खराट्यावर हात ठेवून उभा राहिला.

"पोरगं चाललं जी. बाटल्या पेंढ्यात भरून राहिलं. नागपूरचा कागद लिहिला म्हने त्यानं."

"त्याचा निर्णय आहे," मी म्हटलं.

"हाव." तो थोडा वेळ झडपेकडे पाहत राहिला. "साहेब, सिमेट लई झ्याक बसवलं तुम्ही. म्या केलं असतं तं इतकं गुळगुळीत नसतं झालं." आणि तो पुढे झाडत निघून गेला. त्याच्या बोलण्यात राग असता तर मी ओव्हरसियर म्हणून त्याला उत्तर देऊ शकलो असतो. एका कारागिराने दुसऱ्याच्या कामाला द्यावी तशी ती दाद होती, आणि सहा वर्षांत त्याने मला दिलेली ती पहिलीच. मी उठलो. खोलीपर्यंत चाळीस पावलं होती. मला ती मोजायची सवय होती, त्या दिवशी मोजणी मध्येच चुकली.

श्रीधर खोक्याशी उकिडवा बसून एकेका बाटलीभोवती पेंढा गुंडाळत होता. मी दारातच उभा राहून म्हटलं, "झडप मी बुजवली. अठराला. तू गेल्यावर."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "सकाळीच पाहिली."

"मग साहेबांपुढे बोलला का नाहीस?"

"काय बोलू काकाजी?" त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे तांबरलेले होते. "ओव्हरसियरनं गळती दुरुस्त केली, अशी तक्रार करू? साहेब हसले असते. मला म्हणाले असते, तू कच्चं पाणी चांगल्या पाण्यात सोडायला निघाला का?" त्याने पेंढ्याची एक काडी मोडली. "राग आला मला. फार आला. दुपारपर्यंत तं मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नव्हतो. मग वाट्या धुताना लक्षात आलं. फट उघडी होती तेव्हा नायट्रेट गेलं. फट बंद केली, अन् नायट्रेट परत आलं. माझ्याजवळ अर्धाच पुरावा होता काकाजी. कोणीही म्हणालं असतं, थंडीमुळे झालं, पाणी बदललं म्हणून झालं. दुसरा अर्धा तुम्ही केला. मी मागितलं असतं तं मला झडप बंद करून पाहायची परवानगी कोणी दिली नसती." तो उठला आणि माझ्या टेबलावरची कामाची वही उघडून त्याने माझ्यापुढे ठेवली. "आता पुन्हा उघडू, अन् पुन्हा मोजू. पण हे सगळं तेव्हाच खरं धरतील जेव्हा बंद केल्याचा दिवस अन् वेळ तुमच्या अक्षरात असेल. द्याल लिहून?"

मी खुर्चीवर बसलो. समोरचं पान अर्धं कोरं होतं. लिहिलं नाही तर मी फर्स्ट क्लास गाळणीचा ओव्हरसियर म्हणून मार्चमध्ये हार घालून घरी जाणार होतो आणि हा मुलगा नागपूरच्या कुठल्या तरी प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासत राहणार होता. लिहिलं तर सहा वर्षांचे सगळे तक्ते त्या एका ओळीखाली येणार होते. आणि या दोहोंपेक्षा वेगळीच एक गोष्ट मला टोचत होती: माझ्या दुष्टाव्यातूनही याला शास्त्र काढता आलं. मी त्याचं काम मोडायला गेलो आणि त्याने माझ्या मोडण्यालाच कामाचा भाग करून टाकलं, रागावलेला असताना, वाट्या धुता धुता. माझ्या जागी तो असता तर त्याला हे सुचलं असतं. त्याच्या जागी मी असतो तर मला सुचलं नसतं. टाक शाईत बुडवून मी लिहिलं: दिनांक १८ नोव्हेंबर, दुपारी दोन ते तीन वाजून दहा मिनिटे, आडनालीच्या झडपेखालची फट, रुंदी दोन बोटे, लांबी चौदा इंच, सिमेंट व वाळू एकास दोन, काम करणार, स्वतः. टाक शेवटच्या रकान्याशी थांबला. तिथे दुरुस्तीचं कारण लिहायचं असतं.

श्रीधर माझ्या खांद्यावरून वाचत होता. "ते रिकामं राहू द्या काकाजी. नियम म्हणून केलं असेल तुम्ही. गळती तुम्हाला पाहवत नाही, मला माहीत आहे."

मी वळून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो मला वाचवत नव्हता. त्याला खरोखर तसंच वाटत होतं. इतक्या दिवसांत एकदाही, अगदी राग आला तेव्हाही, कोणी आपल्यावर जळत असेल ही कल्पना त्या मुलाच्या डोक्यात आली नव्हती. दाराबाहेर गुणवंताचा खराटा थांबला होता. मी पुन्हा वहीकडे वळलो आणि त्या रकान्यात 'हेवा' असा एकच शब्द लिहिला, खाली सही केली आणि वही त्याच्याकडे सरकवली. त्याने तो शब्द वाचला. मग पुन्हा वाचला. त्याची मान हळूहळू लाल झाली, जणू लाज त्यालाच वाटायला हवी होती. तो खोक्याशी जाऊन बसला आणि पेंढ्यातून बाटल्या एकेक करून परत बाहेर काढू लागला. त्याचे हात किती सहज चालत होते, एकही काच दुसरीला न लावता, ते मी खुर्चीवरून पाहत होतो, आणि पाहता पाहता मला कळत होतं की वहीतला तो शब्द अजूनही, या क्षणीही, खराच आहे.